सम्राट फ्रान्त्स योझेफ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑस्ट्रियाचं राजघराणं म्हटलं की लोकांना सिसी आठवते, मायरलिंग आठवतं, नाहीतर सारायेव्होतल्या गोळ्या. म्हणजे बायको, मुलगा आणि पुतण्या. घरचा कर्ता पुरुष मात्र आपल्या पांढऱ्याशुभ्र कल्ल्यांआडच राहतो. इथली प्रश्नोत्तरं त्याच्याबद्दल आहेत.

हा नेमका कोणता सम्राट? त्यानं किती वर्षं राज्य केलं?

हाब्सबुर्ग-लोरेन घराण्यातला फ्रान्त्स योझेफ पहिला. १८ ऑगस्ट १८३० रोजी व्हिएन्नाच्या शोनब्रुन राजवाड्यात जन्मला आणि २१ नोव्हेंबर १९१६ रोजी त्याच राजवाड्यात वारला. गादीवर आला २ डिसेंबर १८४८ ला. म्हणजे अडुसष्ट वर्षांना अकरा दिवस कमी. राणी व्हिक्टोरियापेक्षा चार वर्षं जास्तच. फ्रान्सचा चौदावा लुई ७२ वर्षं गादीवर होता खरा, पण तो बसला तेव्हा पाच वर्षांचाही नव्हता, कारभार इतरांच्या हाती होता. फ्रान्त्स योझेफनं पहिल्या दिवसापासून कागदांवर स्वतः सह्या केल्या आणि शेवटच्या दिवसापर्यंत करत राहिला.

बाप जिवंत असताना मुलगा सम्राट कसा झाला?

१८४८ हे युरोपभर उठावांचं साल. मार्चमध्ये व्हिएन्नात लोक रस्त्यावर उतरले आणि अनेक वर्षं सत्ता हाकणारा मेटरनिख पळून गेला. ऑक्टोबरमध्ये पुन्हा भडका उडाला तेव्हा अख्खा दरबार मोराव्हियातल्या ओल्म्युत्स गावी हलला. गादीवर होता काका फर्डिनांड. स्वभावानं भला माणूस, पण फेफऱ्याचा आजार असलेला, आणि राज्य चालवणं त्याच्या आवाक्यातलं नव्हतं. त्याच्यानंतर हक्क होता फ्रान्त्स योझेफच्या वडिलांचा. त्यांनाही फारशी हौस नव्हती, आणि असती तरी बायकोपुढे चालली नसती. त्यांची पत्नी सोफी ही बव्हेरियाची राजकन्या, आणि त्या दरबारात खंबीर माणूस कोण, तर तीच, असं लोक म्हणायचे. तिनं आणि पंतप्रधान श्वार्झेनबर्गनं मिळून ठरवलं की दोन्ही वडीलधाऱ्यांनी बाजूला व्हायचं आणि अठरा वर्षांच्या मुलाला बसवायचं. उठाव करणाऱ्यांना कुठलंही वचन न दिलेला, कोरी पाटी असलेला सम्राट हवा होता.

फर्डिनांड प्रागच्या किल्ल्यात राहायला गेला आणि १८७५ पर्यंत सुखात जगला. पुतण्या लढाया आणि प्रांत गमावू लागला तेव्हा, 'एवढं तर मलाही जमलं असतं,' असं तो म्हणाल्याची गोष्ट अजून सांगतात.

हंगेरीत त्याच्याबद्दल इतका राग का होता?

कारण सुरुवातच रक्तानं झाली. हंगेरीनं स्वातंत्र्याची लढाई पुकारली आणि ती एकट्या ऑस्ट्रियाला आवरेना. तरुण सम्राटाला रशियाच्या झारकडे मदत मागावी लागली. उठाव मोडल्यावर, ६ ऑक्टोबर १८४९ रोजी, अराद इथे तेरा हंगेरियन सेनानींना मृत्युदंड दिला गेला. त्याच दिवशी पेस्टमध्ये (आजच्या बुडापेस्टचा भाग) माजी पंतप्रधान बाट्यानी यालाही गोळ्या घातल्या. हंगेरीत आजही ६ ऑक्टोबर हा शोकदिन असतो.

त्याचे चाहते वय पुढे करतात, एकोणीस वर्षांचा पोरगा होता म्हणतात. मला ही सबब पुरेशी वाटत नाही. दया दाखवण्याचा अधिकार त्याच्या एकट्याचा होता आणि तो त्यानं वापरला नाही.

त्याच्यावर सुरीहल्ला झाला होता का?

हो. १८ फेब्रुवारी १८५३ ला तो व्हिएन्नाच्या तटावर फिरत होता. यानोश लिबेनी नावाच्या हंगेरियन शिंप्यानं मागून येऊन मानेत सुरी खुपसली. गणवेशाची कॉलर जाड आणि ताठ होती म्हणून निभावलं. सोबतचा अधिकारी ओ'डॉनेल आणि तिथून चाललेला एटेनराइख नावाचा खाटीक या दोघांनी हल्लेखोराला धरलं. लिबेनीला फाशी झाली. सम्राट वाचला म्हणून धाकटा भाऊ माक्सिमिलियान यानं वर्गणी गोळा करून चर्च बांधायला घेतलं. व्हिएन्ना विद्यापीठाशेजारचं दोन उंच मनोऱ्यांचं व्होटिव्ह चर्च ते हेच. पुढे तटही पाडले गेले. १८५७ च्या डिसेंबरात सम्राटानं हुकूम काढला, आणि त्या जागेवर रिंगश्ट्रासे हा भव्य रस्ता झाला. आजचे पर्यटक ज्या व्हिएन्नाचे फोटो काढतात ती बहुतेक त्याच हुकमातून उभी राहिली.

तो खरंच पहाटे साडेतीनला उठायचा?

साडेतीन ते चारच्या दरम्यान, हो. आणि एक-दोन वर्षं नव्हे, आयुष्यभर.

झोपायला साधी लोखंडी खाट, सैनिकाची असते तशी. ती हॉफबुर्ग राजवाड्यात आजही बघायला मिळते. आजूबाजूच्या लाल मखमली भिंतींमध्ये ती चुकून ठेवल्यासारखी दिसते. उठल्यावर खोलीतच टब आणून गार पाण्यानं अंघोळ. बायकोनं १८७६ मध्ये राजवाड्यात स्वतःसाठी नळ असलेलं न्हाणीघर करून घेतलं, पण नवऱ्याचा टब काही सुटला नाही. मग गुडघे टेकून प्रार्थना, आणि पाचच्या सुमारास टेबलाशी. कॉफी-पाव टेबलावरच यायचा. समोर फायलींचा ढीग आणि टेबलापुढे सिसीचं मोकळ्या केसांतलं चित्र. दुपारचं जेवणही पुष्कळदा तिथेच. रात्री फारशी मेजवानी नसेल तर साडेआठ-नऊला अंथरुणात.

युद्ध असो, सण असो, मुलगा मेलेला असो, या क्रमात बदल नाही. ऑफिसात तीस-पस्तीस वर्षं काढलेल्या कुणालाही हा माणूस चटकन ओळखू येईल. कागद आला की त्याच दिवशी निकालात काढायचा, समासात बारीक अक्षरात शेरा मारायचा, कुणी नियम मोडला तर नाराज व्हायचं, आणि आपण काम केलं म्हणजे राज्य चाललं असं समजायचं. माझं मत विचाराल तर त्याची सगळी कारकीर्द याच सवयीतून समजते. एवढं विस्कळीत साम्राज्य इतकी वर्षं उभं राहिलं त्याला ही शिस्त कारण होती. आणि फाइलमध्ये न मावणारी गोष्ट समोर आली की तो हतबल व्हायचा. अशा गोष्टी त्याच्या राज्यातही होत्या आणि घरातही.

सामान्य माणसाला सम्राटाला भेटता यायचं का?

यायचं, आणि मला त्याच्याबद्दलची ही सर्वात आवडती गोष्ट वाटते. आठवड्यातून दोनदा, साधारणपणे सोमवारी आणि गुरुवारी, हॉफबुर्गमध्ये तो लोकांना भेटे. आधी अर्ज करायचा, नाव यादीत लागायचं. एका सकाळी शंभरापर्यंत माणसं. कुणी पदकाबद्दल आभार मानायला, कुणी पेन्शनसाठी, कुणी तुरुंगातल्या नातेवाइकाची शिक्षा माफ करा म्हणायला. पोशाख ठरलेला: गणवेश, काळा टेलकोट किंवा आपापल्या प्रांताचा पारंपरिक वेश. त्यामुळे बाहेरच्या दालनात गॅलिशियाचा शेतकरी, बोस्नियाचा फेझ टोपीवाला, ज्यू धर्मगुरू आणि निवृत्त कर्नल एकाच बाकावर बसलेले असत.

आत गेल्यावर वाकून नमस्कार. सम्राट उंच मेजाशी उभा, मेजावर आजची यादी आणि प्रत्येकाच्या नावापुढे कामाची नोंद. बोलणं दोन-तीन मिनिटांचं. त्यानं मान किंचित हलवली की भेट संपली; पाठ न दाखवता मागे मागे सरत बाहेर यायचं. चेहरे आणि नावं त्याच्या फार लक्षात राहत. गावी परतलेला माणूस पुढे जन्मभर 'म्हातारबाबांनी मला माझ्या गावाबद्दल विचारलं' हे सांगत बसे, आणि राजनिष्ठा अशाच गोष्टींवर टिकते.

तो काय खायचा? त्याच्यासोबत जेवणारे उपाशी राहायचे हे खरं का?

आवडता पदार्थ टाफेलश्पिट्स: बैलाच्या मांसाचा मऊ तुकडा भाज्यांसोबत संथ उकळलेला, बाजूला सफरचंद घातलेली हॉर्सरॅडिशची चटणी. व्हिएन्नातल्या हॉटेलांत आजही त्याच्या नावानं खपतो. ओढायला लांबट व्हर्जिनिया सिगार.

उपाशी राहण्याची गोष्ट दरबारी शिष्टाचारातून आली. पहिलं ताट सम्राटापुढे यायचं आणि तो भराभर जेवायचा. त्यानं काटा-सुरी खाली ठेवली की सगळ्यांची ताटं उचलली जायची. टेबलाच्या टोकाला बसलेल्या तरुण अधिकाऱ्याला तोवर जेमतेम वाढलेलं असायचं. मग ही मंडळी बाहेर पडून ऑपेराच्या मागच्या झाखर हॉटेलात पोट भरत, असं सांगतात.

युद्धांत इतक्यांदा हरूनही गादी कशी टिकली?

हार त्याच्या पाचवीलाच पुजलेली होती. १८५९ मध्ये सॉल्फेरिनोला त्यानं स्वतः सैन्याचं नेतृत्व केलं आणि लोम्बार्डी गमावली. (त्या रणांगणावरचे जखमी पाहून आंरी द्युनां हा स्विस व्यापारी हादरला, आणि त्यातून रेडक्रॉसची कल्पना निघाली.) १८६६ मध्ये क्योनिगग्रेट्सला प्रशियानं ऑस्ट्रियाच्या सैन्याचा धुव्वा उडवला. जर्मन जगतातलं पुढारीपण गेलं आणि व्हेनिसही गेलं.

पण प्रत्येक पराभवानंतर त्यानं एक पाऊल मागं घेतलं. सॉल्फेरिनोनंतर संसद आली, क्योनिगग्रेट्सनंतर हंगेरीशी समझोता. मनापासून नाही, नाइलाजानं. तरी घेतलं. कडेलोट होईपर्यंत ताणायचं नाही एवढं शहाणपण त्याच्यात होतं, निदान १९१४ पर्यंत.

ऑस्ट्रिया-हंगेरी हा एक देश होता की दोन?

एकाच वाड्यात राहणारे दोन भाऊ समजा: चुली वेगळ्या, दिंडीदरवाजा एक. १८६७ च्या समझोत्यानं दोन्ही भागांना आपापली संसद आणि आपापला पंतप्रधान मिळाला. सामाईक खाती तीनच: परराष्ट्र, युद्ध, आणि या दोहोंच्या खर्चापुरतं अर्थखातं. खर्चाचा वाटा दर दहा वर्षांनी नव्यानं ठरायचा, आणि दर दहा वर्षांनी भांडण ठरलेलं. दोन्ही संसदांची साठ-साठ जणांची शिष्टमंडळं एक वर्ष व्हिएन्नात आणि एक वर्ष बुडापेस्टमध्ये जमत. पण एका दालनात बसत नसत. एकमेकांना लेखी निरोप पाठवत.

८ जून १८६७ ला बुडाच्या मात्याश चर्चमध्ये त्याला हंगेरीचा राजा म्हणून मुकुट चढवला. त्या सोहळ्यात पुढे असलेला पंतप्रधान अँड्राशी म्हणजे ज्याच्या नावाची पाटी १८५१ मध्ये, तो हाती लागत नाही म्हणून, ऑस्ट्रियानं फासावर लटकवली होती! 

या व्यवस्थेत चेक, पोल, क्रोएट, रुमानियन, स्लोव्हाक वगैरे कोट्यवधी लोकांना असा मान मिळाला नाही. भाषेचं घोंगडं शेवटपर्यंत भिजत पडलं. नव्या क्राउन नोटेच्या एका बाजूला जर्मनबरोबर आणखी आठ भाषांत किंमत छापलेली असे, आणि दुसरी अख्खी बाजू हंगेरियनसाठी. लष्करात हुकमाचे ऐंशीएक शब्द सर्वांना जर्मनमध्ये पाठ करावे लागत. बाकीचं बोलणं पलटणीच्या भाषेत. स्वतः सम्राटाला हंगेरियन, फ्रेंच, इटालियन आणि चेक येत होतं.

सिसीशी त्याचा प्रेमविवाह होता का?

त्याच्या बाजूनं, पुरेपूर. ऑगस्ट १८५३ मध्ये बाड इश्ल या थंड हवेच्या गावी सोफीनं आपल्या बहिणीला बोलावलं होतं. बहिणीची थोरली मुलगी हेलेना हिला सून करून घ्यायचं ठरलेलं. म्हणजे मावसबहिणीशी लग्न, जे त्या घराण्यात काही नवं नव्हतं. सोबत आली पंधरा वर्षांची धाकटी एलिझाबेथ, घरातली सिसी. तेवीस वर्षांच्या सम्राटानं हेलेनाकडे पाहिलंसुद्धा नाही. आईच्या शब्दाबाहेर जायची त्याची ही बहुधा पहिलीच वेळ. २४ एप्रिल १८५४ ला व्हिएन्नात लग्न झालं.

पुढचं फारसं गोड नाही. बागडत वाढलेली मुलगी आणि घड्याळावर चालणारा दरबार. सासू जन्मतः वाईट नव्हती, पण नातवंडांचा ताबा तिनं सरळ स्वतःकडे घेतला. पहिल्या मुलीचं नावही आजीचंच ठेवलं गेलं, सोफी. ही मुलगी दोन वर्षांची असताना हंगेरीच्या दौऱ्यात आजारी पडून वारली आणि सिसीचा धीर खचला. तिच्या पाठची गिझेला, नंतर रुडॉल्फ आणि त्यानंतर दहा वर्षांनी, बुडामध्ये, मारी वालेरी.

१८६० मध्ये आजारपणाच्या कारणानं ती अटलांटिकमधल्या मदेइरा बेटावर गेली, आणि तिथून जे जाणं सुरू झालं ते थांबलंच नाही. ग्रीसच्या कॉर्फू बेटावर महाल बांधला, खांद्यावर जहाजाच्या नांगराचं गोंदण करून घेतलं, तासन्‌तास चालायची, जेमतेम खायची. तो मागं राहून पैसे पुरवत राहिला आणि पत्रं लिहीत राहिला. ती पत्रं वाचताना वाईट वाटतं. मायना हंगेरियनमध्ये, कारण तिला ती भाषा प्रिय. मजकुरात हवापाणी, शिकार, कोण जेवायला आलं. आणि पाच कोटी प्रजेच्या या सम्राटाची खाली सही असायची, 'तुझा छोटा'.

मुलाशी त्याचं का जमलं नाही?

रुडॉल्फ नाजूक, हुशार, बोलका. बापाला हवा होता सैनिक. सहाव्या वर्षी त्याला गोंड्रेकूर नावाच्या लष्करी शिक्षकाच्या हवाली केलं. हा गृहस्थ पोराला 'घट्ट' करण्यासाठी रात्री खोलीत पिस्तुलाचे बार काढायचा. एकदा लाइन्झच्या शिकारी रानात एकट्याला कोंडून 'रानडुक्कर आलं!' असं ओरडला. शेवटी सिसीनं १८६५ मध्ये नवऱ्याला लेखीच कळवलं: मुलांचं सगळं मी ठरवणार. शिक्षक बदलला गेला. बायकोला आपलं म्हणणं कागदावर मांडावं लागलं, आणि कागदावर आल्यावर ते मंजूर झालं, यात त्या घराची सगळी रीत आली.

मोठेपणी रुडॉल्फ उदारमतवादी झाला. वर्तमानपत्रात निनावी लेख लिहून बापाच्या धोरणावर टीका करायचा. त्याला राज्यकारभारात मात्र कुणी विचारत नसे.

मायरलिंगला काय झालं?

३० जानेवारी १८८९ च्या सकाळी व्हिएन्नाजवळच्या मायरलिंग इथल्या शिकारी बंगल्यात रुडॉल्फ आणि सतरा वर्षांची मारी वेट्सेरा मृत सापडले. त्यानं आधी तिला गोळी घातली आणि मग स्वतःला. कटाच्या आणि परकीय मारेकऱ्यांच्या अनेक कथा फिरतात. पण दोघांनीही निरोपाची पत्रं लिहून ठेवली होती, आणि मारीची पत्रं तर २०१५ मध्ये व्हिएन्नाच्या एका बँकेच्या तिजोरीत सापडली. रुडॉल्फनं आईला, बायकोला आणि बहिणीला लिहिलं. बापाला एक ओळही नाही.

बातमी आधी सिसीला कळली. ती ग्रीक शिकत बसली होती. तिनं आत जाऊन नवऱ्याला सांगितलं आणि मग त्याला आधार द्यायला त्याची मैत्रीण, नटी काथारिना श्राट हिला बोलावून घेतलं. मारीचं प्रेत बोभाटा नको म्हणून कपडे घालून, जिवंत असल्यासारखं बसवून, मामा आणि मावशीचा नवरा यांच्या मध्ये गाडीतून हायलिगेनक्रॉइत्सला नेऊन पुरलं. आत्महत्या करणाऱ्याला ख्रिस्ती संस्कार मिळावेत म्हणून रुडॉल्फच्या मनाचा तोल ढळल्याचं प्रमाणपत्र घ्यावं लागलं. बंगल्याच्या जागी सम्राटानं जोगिणींचा मठ केला. पंधरवडा लोटायच्या आत तो पुन्हा फायलींपुढे होता.

काथारिना श्राट कोण? ती त्याची प्रेयसी होती का?

बुर्गथिएटरची नटी, त्याच्याहून तेवीस वर्षांनी लहान. ही ओळख सिसीनंच वाढवली. १८८६ मध्ये तिनं श्राटचं चित्र काढून घेऊन नवऱ्याला भेट दिलं. आपण घरी नसतो, तर त्याला कुणीतरी बोलायला असावं, असा सरळ हिशेब. मग तीस वर्षं हे चाललं. शोनब्रुनच्या कुंपणालगत श्राटचा बंगला, इश्लमध्येही एक. सम्राट सकाळी चालत तिच्याकडे जायचा. ती ताजा गुगलहुप्फ, म्हणजे तिथला गोल कडीसारखा केक, कॉफीसोबत द्यायची आणि नाटकवाल्यांच्या कागाळ्या सांगायची. शहरातली गॉसिप त्याला दुसरं कोण सांगणार? त्याच्या पत्रांत 'प्रिय मैत्रिणी' असा मायना आहे आणि प्रेमाची कबुलीही. पण मर्यादा न ओलांडण्याचंही त्यातच ठरलेलं दिसतं.

शरीरसंबंध होता तो दुसरीशी. अन्ना नाहोव्स्की नावाच्या तरुणीकडे तो १८७५ पासून चौदा वर्षं पहाटेच्या वेळी जायचा. मायरलिंगनंतर तिला मोठी रक्कम देऊन, गप्प राहण्याच्या कागदावर सही घेऊन, प्रकरण बंद केलं. तिची डायरी पुढे छापून आली तेव्हा जगाला कळलं.

सिसीचा खून का झाला?

कारण ती सापडली. लुइजी लुकेनी या इटालियन अराजकवाद्याला कुणीतरी राजघराण्यातलं मारायचं होतं. १० सप्टेंबर १८९८ ला जिनिव्हात सरोवराच्या काठी त्यानं टोक काढलेली कानस तिच्या छातीत खुपसली. घट्ट पोशाखामुळे रक्त बाहेर आलंच नाही. ती उठून बोटीवर चढली आणि मग कोसळली. तार आली तेव्हा सम्राट उद्गारला, 'या जगात माझ्या वाट्याचं काहीच चुकत नाही.' भाऊ माक्सिमिलियान मेक्सिकोचा सम्राट व्हायला गेला होता. त्याला १८६७ मध्ये केरेतारोत गोळ्या घातल्या होत्या. मुलगा गेला होता. आता बायको. त्या साली त्याच्या राज्यारोहणाची पन्नाशी होती. समारंभ आटोपते घेतले गेले.

ज्यूंबद्दल त्याचं वागणं कसं होतं?

त्या काळच्या मानानं चांगलं. १८६७ च्या कायद्यांनी ज्यूंना समान नागरी हक्क मिळाले. ज्यूद्वेषावर मतं मागणारा कार्ल लुएगर १८९५ पासून व्हिएन्नाचा महापौर म्हणून निवडून येत होता आणि सम्राट त्याला मंजुरी नाकारत होता. १८९७ मध्ये मात्र द्यावी लागली. लोकशाहीच्या दृष्टीनं बघायचं तर सम्राट चुकीचा. माणुसकीच्या दृष्टीनं लुएगर. मी इथं सम्राटाच्या बाजूचा.

नव्या यंत्रांचा त्याला तिटकारा होता म्हणतात, ते कितपत खरं?

तिटकारा नाही, पण ओढही नव्हती. मोटारीत पहिल्यांदा बसला तो १९०८ मध्ये इश्लला, तेही इंग्लंडच्या सातव्या एडवर्डनं आग्रह केला म्हणून. पण १९०० च्या सुमारास डॅनिश संशोधक पौल्सेनच्या चुंबकीय ध्वनिमुद्रण यंत्रात तो काही वाक्यं बोलला. हे आज शिल्लक असलेलं जगातलं सर्वात जुनं चुंबकीय ध्वनिमुद्रण मानलं जातं. इंटरनेटवर ऐकायला मिळतं. बोलतो काय, तर हा शोध मला फार रोचक वाटला आणि दाखवल्याबद्दल आभारी आहे.

या गुळमुळीतपणामागे एक कारण सांगतात. व्हिएन्नाच्या नव्या ऑपेराच्या इमारतीवर टीका झाली, सम्राटानंही नाक मुरडलं अशी बोलवा होती, आणि १८६८ मध्ये दोघा वास्तुविशारदांपैकी फान डेर न्युल यानं आत्महत्या केली. दुसरा काही आठवड्यांत आजारानं गेला. तेव्हापासून सम्राट कुठल्याही उद्घाटनाला एकच वाक्य बोलायचा: 'फार सुंदर होतं, मला फार आनंद झाला.'

त्याचा भारताशी काही संबंध आला का?

तो स्वतः कधी आला नाही. पूर्वेकडे त्याची मजल १८६९ मध्ये सुएझ कालव्याच्या उद्घाटनापर्यंत. पण तो कालवा उघडल्यावर त्याच्या साम्राज्याचं बंदर त्रिएस्ते मुंबईला जोडलं गेलं आणि ऑस्ट्रियन लॉइडच्या बोटी तिथून मुंबईला नियमित येऊ लागल्या. पुतण्या फ्रान्त्स फर्डिनांड मात्र जगप्रवासात १८९३ च्या सुरुवातीला मुंबईत उतरला, हैदराबादलाही गेला, वाघांची शिकार केली आणि रोजनिशी छापली. त्यानं जमवलेल्या वस्तूंचा मोठा साठा व्हिएन्नातच आहे.

पुतण्याशी त्याचं वैर होतं का?

वैर म्हणण्यापेक्षा अढी. फ्रान्त्स फर्डिनांडला सोफी खोटेक हवी होती. ती सरदारकन्या, पण हाब्सबुर्गांच्या मापात बसत नव्हती. २८ जून १९०० ला त्याच्याकडून शपथ घेतली गेली: तिला सम्राज्ञीचा मान नाही, मुलांना गादी नाही. बरोबर चौदा वर्षांनी, त्याच तारखेला, सारायेव्होत दोघांना गोळ्या घातल्या गेल्या. व्हिएन्नातल्या अंत्यदर्शनात तिची शवपेटी त्याच्यापेक्षा खाली ठेवली होती आणि तिच्यावर होते पंखा आणि पांढरे हातमोजे, दरबारातल्या सेविकेची खूण. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही तो असा. घराण्याच्या दफनाच्या तळघरात तिला जागा नव्हती, म्हणून दोघांना आर्टश्टेटनला पुरलं.

पहिलं महायुद्ध त्यानं सुरू केलं का?

सही त्याची आहे. सेनापती कॉनराड वर्षानुवर्षं सर्बियावर चालून जायचं म्हणत होता. इटलीवरही चालून जायचा हट्ट धरला म्हणून सम्राटानं १९११ मध्ये त्याला पदावरून काढलंही होतं. पण १९१४ च्या जुलैत कॉनराड परत आला होता, परराष्ट्रमंत्री बर्खटोल्ड त्याच्या बाजूचा होता आणि जर्मनीनं 'तुम्ही काहीही करा, आम्ही आहोत' असं कळवलं होतं. २३ जुलैला सर्बियाला निर्वाणीचा खलिता गेला. २८ जुलैला इश्लच्या बंगल्यात, ज्या गावी सिसीला पसंत केलं तिथेच, चौऱ्याऐंशीव्या वर्षात असलेल्या म्हाताऱ्यानं युद्धाच्या कागदावर सही केली. 'माझ्या प्रजाजनांना' या जाहीरनाम्यात वाक्य आहे की मी सगळं तपासून आणि तोलून पाहिलं आहे. तपासलं असेलही. कागद नियमाप्रमाणे होता, सल्लागारांचं एकमत होतं, घराण्याच्या इज्जतीचा प्रश्न होता. मागं पाऊल घेण्याची जुनी सवय नेमकी इथं उपयोगी पडली असती. त्यानं ते घेतलं नाही, आणि याचा दोष इतर कुणावर टाकता येत नाही.

शेवट कसा झाला?

न्यूमोनियानं. २१ नोव्हेंबर १९१६ ला ताप असताना त्यानं दिवसभर टेबलाशी काम केलं. संध्याकाळी आवरेना तेव्हा आडवा झाला आणि केटर्ल या सेवकाला म्हणाला, उद्या साडेतीनला उठव, कामं उरली आहेत. नऊ वाजून गेल्यावर प्राण गेला. कापुचिन चर्चच्या तळघरात त्याची पेटी मधल्या चौथऱ्यावर आहे. एका बाजूला सिसी, दुसऱ्या बाजूला रुडॉल्फ.

पुढे घराण्याचं काय झालं? वंशज आहेत का?

गादी भावाचा नातू कार्ल याच्याकडे आली आणि दोन वर्षांत गेली. ११ नोव्हेंबर १९१८ ला त्यानं राज्यकारभारातून अंग काढून घेतलं. १९१९ च्या कायद्यानं घराण्याची मालमत्ता जप्त झाली आणि हक्क न सोडणाऱ्यांना देशाबाहेर काढलं. इश्लचा बंगला मात्र मारी वालेरीच्या वंशजांकडे आजही आहे. तिकीट काढून आत जाता येतं. भिंती शिकार केलेल्या शिंगांनी भरलेल्या आहेत आणि सही केली ते टेबल दाखवतात.

कार्लचा मुलगा ओट्टो. म्हाताऱ्याच्या अंत्ययात्रेच्या फोटोत आईवडिलांच्या मधोमध पांढऱ्या कपड्यांत चाललेला चार वर्षांचा मुलगा दिसतो, तो हाच. ओट्टो पुढे जर्मनीतून युरोपीय संसदेवर निवडून गेला, १९७९ ते १९९९ अशी वीस वर्षं खासदार होता आणि २०११ मध्ये वारला. त्यालाही कापुचिन तळघरातच पुरलं आहे.